पोरांसकट या

एकटेपणा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर ठरलेली माणसं येतात. गावाहून आलेला, होस्टेलच्या खिडकीत बसून राहणारा पहिल्या वर्षाचा मुलगा. मुलं परदेशी गेलेले आजी-आजोबा. प्रेमभंग झालेला कवी तर आपल्या मंडळात दरवर्षी एक तरी असतोच! पण जिच्या कडेवर एक मूल, बोटाला दुसरं आणि खांद्याला डायपरची पिशवी आहे, ती बाई एकटी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. एकटी कशी असेल? तिला तर बाथरूमचं दारसुद्धा लावून घेता येत नाही.

मी या शेवटच्या गटातली. मंडळाची जुनी सभासद, सध्या मुक्काम बडोदा. मुलगा चार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची. या अंकासाठी हवा तो विषय घ्या असं संपादक मंडळींनी कळवलं, तेव्हा एखाद्या कादंबरीवर लिहावं असं आधी वाटलं होतं. पण गेल्या चार वर्षांत ज्या गोष्टीचा मी सर्वांत जास्त विचार केलाय, ती ही आहे. आणि तिचा आपल्या मंडळाशी संबंध आहे, तो पुढे येईलच.

मला म्हणायचंय ते असं. लहान मुलांच्या आईचा एकटेपणा म्हणजे तिच्या स्वभावातला दोष नव्हे. तिचं मुलांवर प्रेम कमी आहे असाही त्याचा अर्थ नाही. ‘स्वतःसाठी जरा वेळ काढत जा गं’ या सल्ल्यानं तो जातही नाही. तो बराचसा जागेचा प्रश्न आहे. मोठ्यांच्या जागी मुलं चालत नाहीत आणि मुलांच्या जागी मोठ्यांना बाकावर बसून पिशव्या सांभाळण्यापलीकडे काम नसतं. आई आणि मूल दोघांनाही एकाच वेळी माणूस म्हणून जाता येईल अशी जागा शोधायला लागलात, तर बोटं मोजून संपायच्या आत जागा संपतात.

तुम्ही भाषेची माणसं आहात, म्हणून भाषेतूनच सांगते. एका दिवशी मी गंमत म्हणून माझीच वाक्यं ऐकायला लागले. ये. बस. खा. गिळ. नको. सोड. तोंडातून काढ. हात धू. झोप. सकाळी नवरा कामावर गेल्यापासून तो परत येईपर्यंतची जवळजवळ सगळी वाक्यं आज्ञार्थी! विध्यर्थ, संकेतार्थ कुठे गेले कोण जाणे. ‘असं झालं असतं तर’, ‘मला वाटतं की’, ‘तुला आठवतं का’ या वाक्यांना समोर मोठं माणूस लागतं. ते नसलं की क्रियापदाची रूपं गळत जातात आणि त्या रूपांबरोबर आपलाही एक भाग वापरात राहत नाही. मूल गोड असतं, त्याच्या बोबड्या बोलांनी घर भरून जातं, हे सगळं खरंच आहे. पण दीड वर्षाच्या मुलीला कादंबरीचा शेवट फसलाय असं सांगता येत नाही.

त्यात शहर नवं. तसं बडोदं मराठी माणसाला परकं म्हणता येणार नाही. गायकवाडांची राजधानी, 1909, 1921, 1934 आणि 2018 अशी चार वेळा इथे मराठी साहित्य संमेलनं भरली. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, वाडीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरं आहेत. त्यांची मराठी गुजरातीच्या अंगानं जाते आणि ऐकायला फार गोड लागते. पण नोकरीच्या निमित्तानं आता आलेली माणसं त्या जुन्या वस्तीत राहायला जात नाहीत. आम्ही गोत्रीकडे, नव्या बिल्डिंगांच्या रांगेत आहोत. शेजार चांगला आहे. दार उघडं दिसलं की ‘आवो ने बेन’ म्हणणारी माणसं आहेत. तरी दुपारी एक ते चार सगळं शहर पडदे ओढून आडवं होतं. बाहेर ऊन, आत पंख्याचा आवाज आणि न झोपलेलं मूल. या तीन तासांइतके लांब तीन तास मी परीक्षेच्या हॉलमध्येही काढलेले नाहीत.

हे बोलून दाखवलं की पहिलं उत्तर ठरलेलं: ‘पूर्वीच्या बायका आठ-आठ पोरं वाढवायच्या, त्यांना नव्हता वाटत एकटेपणा.’ या वाक्याला मी आता रागावत नाही. उलट मला ते तपासून बघावंसं वाटतं, कारण त्यात अर्धं सत्य आहे.

पूर्वीच्या बाईच्या कामालाच सोबत होती. जात्याला दोघी बसायच्या. पाणी आणायला चौघी निघायच्या. पापड, कुरडया, शेवया एकटीनं कुणी करत नव्हतं. मूल तिथेच कुणाच्या तरी मांडीवर, नाहीतर सुपाशेजारी असायचं. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आता त्या ‘पारी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. मुलगी झोपली की मी कानात घालून ऐकते. त्या ओव्यांत देव आहे, भाऊ आहे, आई आहे, पण सासरचा जाच आणि मनात कोंडलेलंही भरपूर आहे. म्हणजे त्या बायकांना एकटं वाटत नव्हतं हे काही खरं नाही. वाटत होतंच. फरक इतकाच की ते बोलून टाकायला पहाटेची एक वेळ होती, एक जागा होती आणि शेजारी खुंट्याला हात लावणारी दुसरी बाई होती.

मग पिठाची गिरणी आली, घरात नळ आला, पुढे मिक्सर आणि वॉशिंग मशीन. कष्ट कमी झाले ते चांगलंच झालं. मला कुणी पहाटे चारला जात्यावर बसवलं तर मी पहिल्या गाडीनं माहेरी जाईन. पण कष्टांच्या पोटात जी सोबत होती, तीही कष्टांबरोबर निघून गेली आणि तिच्या जागी दुसरं काही ठेवायचं आपल्या लक्षातच आलं नाही. गिरणीवाल्याकडून पीठ दळून येतं, सोबत येत नाही.

‘मग एकत्र कुटुंबात राहा’ हे दुसरं उत्तर. त्याबद्दल एवढंच म्हणते की माणसं भोवती असणं आणि आपलं माणूस असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या अभ्यासक्रमात कधी ना कधी ‘स्मृतिचित्रे’ येतंच. 1895 मध्ये नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंचा दत्तू लहान होता. त्या मुलाला घेऊन काही वर्षं त्या नवऱ्यापासून वेगळ्या, नातेवाइकांच्या आधारानं राहिल्या. भोवती माणसं होती, मायाही होती. पण ज्याच्याशी भांडावं, ज्याच्यावर हसावं, तो माणूस नव्हता. त्या काळाबद्दल त्यांनी लिहिलेलं मी विद्यार्थी असताना धर्मांतराचा प्रसंग म्हणून वाचलं होतं. आता वाचताना मला तिथे एक लहान मूल सांभाळणारी बाई आधी दिसते. तुम्हीही पुन्हा वाचून बघा.

या सगळ्याला जागेच्या बाजूनं उत्तर शोधणारी एक बाई मात्र आपल्याकडे होऊन गेली आणि तिची वाट गुजरातेतूनच गेली. ताराबाई मोडक. जन्म 1892 चा, मुंबईच्या. लग्न होऊन अमरावतीला गेल्या, मुलगी झाली, पुढे नवऱ्यापासून वेगळ्या झाल्या. राजकोटला शिक्षिका घडवणाऱ्या कॉलेजात त्यांनी प्राचार्य म्हणून काम केलं. त्यानंतर छोट्या मुलीला घेऊन त्या भावनगरला गिजुभाई बधेकांकडे आल्या. गिजुभाईंनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलेलं होतं. विचार करा: शंभर वर्षांपूर्वी, परक्या भाषेच्या गावात, लहान मुलगी पदरी असलेली एकटी मराठी बाई. तिनं निवडलेलं काम असं होतं की जिथे मुलं असणं ही अडचण नव्हती, तेच काम होतं.

1926 मध्ये त्यांनी आणि गिजुभाईंनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पुढे दादरला शिशुविहार आणि 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र. मुंबईहून बडोद्याला येणारी गाडी घोलवडवरून जाते. बोर्डी तिथून जवळच. मी प्रत्येक वेळी मुलांना खिडकीतून ते स्टेशन दाखवते आणि ती प्रत्येक वेळी भेळ मागतात!

बोर्डी-कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी जे केलं, ते मला आजच्या आपल्या प्रश्नाचं उत्तर वाटतं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नव्हती. तेव्हा ‘पालकांना महत्त्वच नाही’ म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. मुलं येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि अंगणवाडी जन्माला आली. आज देशभर जो शब्द सरकारी पाटीवर दिसतो, तो इथला आहे. दुसरी अडचण होती मोठ्या बहिणींची. सात-आठ वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड, मग ती शाळेत येणार कशी? त्यावर त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. थोडक्यात, भावंडाला घरी ठेवून ये असं त्या पोरीला कुणी म्हटलं नाही. भावंडासकट ये, असं म्हटलं.

माझं सगळं म्हणणं या एका शब्दात आहे. ‘सकट’.

आपण आयांना जे सल्ले देतो, ते सगळे ‘शिवाय’चे असतात. मुलांशिवाय दोन तास बाहेर जा. मुलांशिवाय सिनेमा बघ. मुलांशिवाय एखादा क्लास लाव. हे ज्यांना जमतं त्यांनी जरूर करावं. पण त्यासाठी मुलं कुणाकडे तरी द्यावी लागतात आणि ज्या बाईकडे मुलं द्यायला माणूस नाही, तीच तर एकटी आहे! औषध घ्यायला आधी आजार बरा असावा लागतो, असा हा प्रकार झाला.

‘सकट’चा विचार बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं जाळं उभारलं. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी वाचनाची वेगळी सोय झाली आणि मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळही ठेवले गेले. पुढे 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. त्याच्या पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता. जागतिक मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचे शब्द बदलून ‘सर्व माणसं’ असे करून घेणाऱ्या त्या हंसाबेन. त्यांच्या विद्यापीठात गृहविज्ञानाची शाखा आली आणि त्या शाखेची चेतन बालवाडी आजही आवारात आहे. विद्यापीठात रांगणारी, रडणारी मुलं असू शकतात आणि त्यानं विद्यापीठाची उंची कमी होत नाही, हे या शहरानं केव्हाच मान्य केलं होतं.

आता मी काय केलं ते सांगते. फार मोठं काही नाही. मुलाच्या प्लेग्रुपच्या फाटकाशी आम्ही तिघी रोज पंधरा मिनिटं उभ्या असायचो. शाळेच्या फाटकासारखी मैत्रीला सोपी जागा नाही. तिथे उभं राहायला कारण सांगावं लागत नाही. एकीचं माहेर भरूचचं, एक कोल्हापूरची आणि मी. एका हिवाळ्यात भरूचवाली म्हणाली, माझ्याकडे पाच किलो लीलवा पडलेत, सोलायला या. गुजरातेत हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलायला बसणं हा एक सोहळाच असतो. सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर सतरंजी टाकली, मध्ये शेंगांचा ढीग, भोवती आम्ही आणि आमच्याभोवती पोरं. दोन तासांत शेंगा संपल्या, पण गप्पा काही संपल्या नाहीत.

तेव्हापासून बुधवार ठरला. साडेचार ते सहा. नियम तीनच. पहिला, घर आवरलेलं असण्याची अट नाही, म्हणून घरात भेटायचं नाही. दुसरा, हातात काहीतरी काम आणायचं: मेथी, मटार, उसवलेली शिवण, इस्त्रीच्या घड्या. हात गुंतलेले असले की बोलणं सोपं जातं. तिसरा नियम माझा, मराठी साहित्याची पदवी कुठेतरी वापरायची म्हणून: एकीनं एक पान मोठ्यानं वाचायचं. कोणत्याही भाषेतलं, पण मोठ्यांचं. ससा-कासव नाही. मुलांना कळत नाही, ती आपली माती उकरत राहतात. आम्हाला मात्र ते पान आठवडाभर पुरतं. आज आम्ही सातजणी आहोत आणि एक बाबासुद्धा येतात. त्यांची बायको शिफ्टमध्ये काम करते. पहिल्या बुधवारी ते फार अवघडून बसले होते. आता मेथी आमच्यापेक्षा भरभर निवडतात.

एकटेपणा गेला का? नाही. मंगळवारची दुपार अजून मंगळवारचीच असते. पण तिच्यापुढे बुधवार आहे, एवढा फरक पडला. माझ्या बोलण्यात संकेतार्थ परत आला.

एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट सांगायला हवी, कारण सतरंजी हे सगळ्याचं उत्तर नाही. बाळंतपणानंतरचं नैराश्य हा आजार आहे आणि त्याला डॉक्टर लागतो. दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदासी हटत नसेल, मूल झोपलं तरी आपल्याला झोप येत नसेल, कशातच मन लागत नसेल, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर मैत्रिणींच्या गप्पांवर थांबू नये. सरकारची टेली-मानस ही सेवा 2022 पासून सुरू आहे. तिचा क्रमांक 14416, फोनला पैसे पडत नाहीत, दिवसरात्र कधीही करता येतो आणि आपल्या भाषेत बोलता येतं. एकटेपणा आणि नैराश्य एकच नव्हेत, पण एकट्या माणसाचं नैराश्य कुणाच्या लक्षात येत नाही, हे खरं. बुधवारी एखादी दोन वेळा आली नाही तर आमच्यापैकी कुणीतरी तिच्या दारावर जातं. सोबतीचा हाही एक उपयोग.

जागतिक आरोग्य संघटनेनं 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगात दर सहांपैकी एका माणसाला एकटेपणा सतावतो असं म्हटलंय. म्हणजे हा प्रश्न आता कुणाच्या घरगुती रडगाण्याचा उरलेला नाही, आरोग्याचा झालाय. तेव्हा त्याचं उत्तर फक्त त्या बाईनं शोधावं हेही बरोबर नाही. आणि इथे मी आपल्या मंडळाकडे येते.

साहित्याच्या कार्यक्रमांच्या निमंत्रणाखाली बहुधा एक ओळ असते: लहान मुलांना सोबत आणू नये. मुंबईत असते, बडोद्यात असते, सगळीकडे असते. कार्यक्रम बहुधा संध्याकाळी सातला. म्हणजे मुलांच्या जेवणाची, झोपेची, किरकिरीची नेमकी वेळ. मागे एका कार्यक्रमाला मी मुलीला घेऊन गेले होते. ती झोपलेली होती. दारातल्या गृहस्थांनी फार सभ्यपणे सांगितलं, ‘ताई, उठली तर पंचाईत होईल.’ मी परत फिरले. ते गृहस्थ वाईट नव्हते, नियम पाळत होते. माझं भांडण नियमाशी आहे.

या नियमाच्या बाजूचं म्हणणं मला मान्य आहे. काव्यवाचन ऐन रंगात असताना मागून पोर रडलं तर कवीची लय तुटते, ऐकणाऱ्यांचाही विरस होतो. ज्यांनी शांतपणे ऐकायला म्हणून वेळ काढलाय, त्यांचाही हक्क आहे. म्हणून सगळेच कार्यक्रम सगळ्यांना खुले करा असं मी म्हणत नाही. मी म्हणते, वर्षातल्या कार्यक्रमांपैकी दोन तरी ‘पोरांसकट’ करा. वेळ साडेचारची ठेवा. खुर्च्यांच्या मागे एक सतरंजी, कागद आणि खडू ठेवा. दोन विद्यार्थी स्वयंसेवक तिथे बसवा. त्यांना कार्यक्रम ऐकूही येईल आणि मुलांची करमणूकही होईल. अर्ध्या-अर्ध्या तासानं दहा मिनिटं थांबा. वक्त्याला आधी कल्पना द्या. जो वक्ता म्हणेल की मला चालेल, त्यालाच त्या दिवशी बोलवा. निमंत्रणाखाली ओळ लिहा: मुलांसकट यावे. एवढी एक ओळ वाचून किती जणी येतील, ते तुम्हाला बघायला मिळेल.

आपलं कॉलेज ख्रिस्ती संस्थेचं आहे, म्हणून एक प्रसंग आठवून देते; तो तुम्ही चॅपलमध्ये कितीदा तरी ऐकलाय. लोक आपली मुलं येशूकडे घेऊन येत होते आणि शिष्य त्यांना दटावून मागे हटवत होते. कार्यक्रम बिघडू नये असंच त्यांना वाटत असणार! येशूला मात्र शिष्यांचाच राग आला आणि त्यानं मुलांना जवळ घेतलं. या प्रसंगावर मुलांच्या निरागसपणाबद्दल पुष्कळ बोललं जातं. मला त्यातली ती मुलं आणणारी माणसं दिसतात. त्यात आया असतीलच. मूल आत गेलं, तेव्हा त्याही आत गेल्या असतील.

शेवटी विद्यार्थी मित्रमैत्रिणींशी थोडं. तुम्हाला वाटेल, आम्ही एकोणीस-वीस वर्षांचे, आमचा यात काय संबंध? मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा आणि सभासदांची यादी वर-खाली करून बघा. पाच-सहा वर्षांपूर्वी ज्या मुलीनं एकांकिकेत काम केलं, जिनं अंकाचं संपादन केलं, जी वादविवादात कुणाला ऐकायची नाही, ती आता ग्रुपवर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा देते. तिचं वाचन संपलेलं नाही, आणि मतं तर मुळीच संपलेली नाहीत. तिला बोलायला कुणी नाही, इतकंच.

तिला ‘कधीही फोन कर’ असं म्हणू नका. ‘कधीही’ म्हणजे कधीच नाही. ‘काही मदत लागली तर सांग’ असंही नको. मदत मागणं हे तिच्या यादीतलं आणखी एक काम होतं. त्यापेक्षा ‘शनिवारी पाच वाजता येतोय, तासभर पोराला खेळवतो, तू समोर बस आणि या कथेबद्दल काय वाटतं ते सांग’ असं सांगा आणि खरंच जा. जाताना खाऊ न्या, तोही तिच्यासाठी. बाळाला सगळे आणतात. लांब असेल तर आवाजी निरोप पाठवा आणि वर लिहा: उत्तराची घाई नाही. भेटल्यावर मूल किती गोड आहे हे एकदाच म्हणा, मग पुस्तकाकडे वळा. मुलगेही जाऊ शकतात, जावंच. मूल सांभाळणं तेवढ्यात शिकूनही होईल, पुढे कामाला येईल.

आणि मंडळाचा पुढचा कार्यक्रम ‘पोरांसकट’ ठरला तर मला कळवा. बडोद्याहून सकाळच्या गाडीनं निघालं तर साडेचारपर्यंत पोचता येतं. दोघांना घेऊन येईन. मागच्या सतरंजीवर तीन जागा ठेवा.